ळ चा खण

आवडता लेखक कोण म्हणून विचारतोस.
मला तशी नावं सांगता येत नाहीत बाबा,
मी त्यांना खणांवरून ओळखायचो.

खडेबाजारात तळघरात होनगेकरांचा छापखाना.
डावीकडं मराठीची केस, उजवीकडं कन्नडची,
मधे स्टुलावर मी, एकोणतीस वर्षं खिळे जुळवत.
उलटं वाचायची सवय अशी लागली
की लग्नानंतर बायकोचं पहिलं पत्र आलं
ते सुलटं होतं म्हणून दोनदा वाचावं लागलं.

एक होते. नाव राहू दे. गळ्यात हार पडायचे.
त्यांचं पुस्तक लागलं की उद्गारचिन्हं संपायची,
पोरगा सायकलवरून शहापूरला जाऊन
उसने खिळे आणायचा, खिशात खुळखुळत.
पुस्तक निघालं, सत्कार झाला,
आणि खिळे परत खणात टाकताना
माझ्या बोटांना त्यातली एक ओळ आठवेना.

गुर्लहोसूर मास्तर कन्नडमधून लिहायचे.
ती भाषा मला बाजारापुरती यायची,
खरं बोटांना जरा जास्त यायची.
होळे, मळे, बेळे.
ओढा, पाऊस, पीक, हे त्यांनी नंतर सांगितलं,
बशीत चहा ओतता ओतता.
मला आधी एवढंच कळलं होतं
की ह्या माणसाचा ळ झिजतोय.

आणि सिंधूताई अनगोळकर.
खानापुरात कौलांच्या कारखान्यात हिशेब लिहायच्या,
हिशेबाच्याच कागदांच्या पाठीवर गोष्टी.
एका बाजूला कौलं, फुटकी वजा जाता,
दुसऱ्या बाजूला माणसं.
त्यांचाही ळ झिजायचा.
कोळसा, सावळी, ओहोळ, वेळ.
वेळ तर पानोपानी.
दोन लिप्यांतला ळ दिसायला वेगळा, राहायला वेगळ्या खणात,
जीभ मात्र तशीच मागं वळते, टाळूला टेकून येते.
बाहेर पाट्यांवरून दगड चालले होते तेव्हा
मी आत दोन्ही खण भरत होतो.
त्यात मोठेपणा कसला? पगार होता.

तर ताईंची एक गोष्ट.
नवरा तीन वर्षांनी परत येतो.
बाई भट्टीपाशी कौलं मोजतेय, तो दारात उभा.
तिथं ताईंनी एक ओळ लिहिली होती.
ती जुळवली, स्टिक खाली ठेवली,
आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.
होनगेकर म्हणाले, काय रे, शिसं चढलं काय?
म्हटलं, व्हय.

प्रूफ बघायला त्या बसनं आल्या,
काखेत छत्री, कानामागं तांबडी पेन्सिल.
सोळा पानांत दुसरीकडं कुठं हात लावला नाही,
नेमकी त्याच ओळीवर आडवी रेघ.
ताई, ती राहू दे की, मी म्हटलं.
तसा मी कधी लेखकांशी बोलत नसे.
त्या म्हणाल्या, ती ओळ मी बोलतेय.
ती बाई गप्प आहे.
आणि छत्री विसरून गेल्या.

छापलेल्या गोष्टीत आता तो दारात उभा आहे
आणि बाई पुढचं कौल उचलते.
एकशे सात.
लोक तिथं थांबतात, मी बघितलंय.
वाचनालयात नंदगडचे एक पोस्टमास्तर
त्या पानावर चष्मा काढून बसलेले.
परवा बसमध्ये एक पोरगी मैत्रिणीला सांगत होती,
लेखिकेचं नाव चुकवून, गाव चुकवून,
एकशे सात तेवढं बरोबर.

काढलेली ओळ सोडवून खणात टाकायची असते.
मी टाकली नाही.
सुतळीनं बांधली, तपकिरीच्या डबीत ठेवली.
दुसऱ्या दिवशी कुणाच्या लग्नपत्रिकेत
मंगळवारला ळ मिळेना,
मुहूर्त थोडाच बदलता येतो, बोलणी खाल्ली.

ही बघ डबी.
आरसा मागू नकोस.
काय लिहिलंय ते सांगणार नाही, तिनं काढलंय ते.
वजन तेवढं बघ हातात घेऊन.